घुमानची क्षेत्रभेट : संत नामदेव, गावाची स्मृती आणि इतिहासाचा पुरावा

प्रस्तावना

पदवी स्तरावरील इतिहासाच्या अध्यापनात क्षेत्रभेटीला महत्त्वाचे स्थान दिले जाते. प्रत्यक्षात मात्र अनेकदा तिचे स्वरूप शैक्षणिक सहलीपुरतेच उरते. किल्ला, लेणी वा मंदिर पाहावे, माहितीफलक वहीत उतरवून घ्यावा, छायाचित्रे काढावीत आणि परतल्यावर एकसारखे अहवाल सादर करावेत, असा क्रम रूढ झालेला दिसतो. अशा भेटीतून विद्यार्थ्याला स्थळ दिसते. परंतु त्या स्थळाविषयी जे सांगितले जाते ते कोणत्या आधारावर, हा प्रश्न त्याच्या मनात निर्माण होत नाही. इतिहास हा विषय ज्या प्रश्नापासून सुरू होतो, तोच प्रश्न यात हरवतो.

प्रस्तुत लेखात पंजाबमधील गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावाचा क्षेत्रभेटीच्या दृष्टीने विचार केला आहे. संत नामदेवांच्या वास्तव्यामुळे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. ३ ते ५ एप्रिल २०१५ या काळात ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरले आणि हे नाव मराठी घराघरांत पोहोचले. सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या ग्रामीण परिसरात इतिहास शिकवताना या गावाला एक वेगळे महत्त्व आहे. आपल्या वर्गातील बरेच विद्यार्थी वारकरी घरांतून येतात. नामदेव त्यांना पाठ्यपुस्तकातून भेटण्यापूर्वी हरिपाठातून, कीर्तनातून आणि आजीच्या तोंडून भेटलेले असतात. अशा विद्यार्थ्यासमोर घुमानचा विषय निघाला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मग समाधी खरी कुठली, पंढरपूरची की घुमानची? या प्रश्नाला शिक्षकाने काय उत्तर द्यावे, आणि ते उत्तर शोधण्यासाठी क्षेत्रभेटीचा उपयोग कसा व्हावा, हा या लेखाचा विषय आहे.

घुमान : स्थळ आणि परंपरा

घुमान हे गाव बटाला तालुक्यात, बियास नदीकाठच्या श्रीहरगोबिंदपूरपासून जवळच आहे. पंजाबातील परंपरेनुसार नामदेवांनी आपल्या आयुष्यातील सुमारे अठरा ते वीस वर्षे या भागात व्यतीत केली आणि येथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या स्मरणार्थ येथे समाधिस्थान व दरबार आहे. सौर माघ महिन्याच्या २ तारखेस, म्हणजे मकरसंक्रांतीच्या लगतच, येथे मोठा मेळा भरतो. समाधिस्थानाची सेवा नामदेवांचे शिष्य बहोरदास यांची परंपरा सांगणाऱ्या बाव्यांकडे चालत आली आहे.

या वास्तूसंबंधीची महत्त्वाची नोंद मॅक्स आर्थर मेकॉलिफ यांच्या १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या शीख धर्मावरील सहा खंडी ग्रंथात सापडते. त्यानुसार समाधीवरील इमारत सरदार जस्सासिंग रामगढिया यांनी बांधली, तर तेथील तलावाची दुरुस्ती महाराजा रणजितसिंग यांच्या सासूबाई सदा कौर यांनी केली. जस्सासिंग यांचा काळ १७२३ ते १८०३, तर सदा कौर यांचे निधन १८३२ मधील. म्हणजेच समाधीची जुनी वास्तू अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे जात नाही. ही साधी बाब विद्यार्थ्याच्या मनावर प्रथम बिंबवावी लागते. घुमानला उभा राहून तो जे पाहणार आहे, ते नामदेवांचे चौदावे शतक नव्हे. नामदेवांना चारशेहून अधिक वर्षांनंतर स्मरणाऱ्या पंजाबचे ते चित्र आहे.

दोन तिथ्या आणि एक कालपट

महाराष्ट्रातील परंपरेनुसार नामदेवांचा जन्म शके ११९२ (इ. स. १२७०) मध्ये कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. जन्मस्थान म्हणून आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी या गावाचा निर्देश केला जातो. शके १२७२ (इ. स. १३५०) मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस त्यांनी पंढरपूर येथे विठ्ठल मंदिराच्या महाद्वारी समाधी घेतली, असे मानले जाते. नामदेव पायरी हे त्या श्रद्धेचे दृश्य रूप होय. पंढरपूरची तिथी चांद्र पंचांगातील व पावसाळ्यातील, तर घुमानचा दिवस सौर महिन्यातील व ऐन थंडीतील आहे. केवळ तिथ्यांच्या या फरकावरूनही दोन्ही ठिकाणच्या परंपरा आपापल्या उत्सवचक्रात स्वतंत्रपणे रुजल्या असाव्यात, असा तर्क करता येतो.

या माहितीच्या आधारे वर्गात एक सोपा उपक्रम घेता येतो. विद्यार्थ्यांनी फळ्यावर १२७० ते १३५० अशी रेषा आखावी आणि परंपरेने दिलेल्या घटना तिच्यावर मांडाव्यात. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानेश्वरांची समाधी, त्या वेळी नामदेवांचे वय सव्वीस. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास कुसू कोसळून चोखामेळ्यांचा मृत्यू, त्यानंतर त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरास आणल्याची कथा. त्या वेळी नामदेवांचे वय अडुसष्ट. आता पंजाबातील अठरा-वीस वर्षे या रेषेवर कोठे बसवावीत? ती आयुष्याच्या अखेरीस, म्हणजे १३३० ते १३५० या काळात मानली, तर १३३८ मधील मंगळवेढ्याच्या कथेशी मेळ बसत नाही. ती १२९६ ते १३३८ या दरम्यान मानली, तर मेळ बसतो. मात्र मग नामदेव पंजाबातून परतले असे मानावे लागते आणि घुमान येथील देहावसानाची परंपरा बाजूला पडते. दोन्ही परंपरा एकाच वेळी अक्षरशः खऱ्या मानता येत नाहीत, हे विद्यार्थी स्वतःच्या हाताने रेषा आखून पाहतो. शिक्षकाने ते निष्कर्षरूपाने सांगण्यापेक्षा हे अधिक परिणामकारक ठरते.

याच रेषेवर राजकीय घटनाही मांडता येतात. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीची देवगिरीवरील स्वारी, १३१८ च्या सुमारास यादव सत्तेचा अंत, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दौलताबादेस हलविलेली राजधानी. नामदेवांचे परंपरागत आयुष्य नेमके अशा काळात येते, ज्या काळात दिल्ली आणि दख्खन यांच्यातील मार्गांवर सैन्य, व्यापारी, सूफी आणि साधू यांची वर्दळ वाढली होती. त्यामुळे दख्खनमधील संत उत्तरेत दीर्घकाळ राहिला असणे शक्य कोटीतील ठरते. शक्यता आणि पुरावा यांतील अंतर येथे विद्यार्थ्याला समजावून देता येते.

ग्रंथाचा पुरावा

गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. ती १८ रागांत विभागलेली आहेत. या पदांची भाषा मुख्यतः उत्तरेतील संतभाषा असली, तरी तीत ठिकठिकाणी मराठी वळणाची रूपे आढळतात आणि विठ्ठलाचे नावही येते. याच ग्रंथातील कबीर व रविदास यांच्या वाणीत नामदेवांचा आदराने उल्लेख आहे. यावरून १६०४ पूर्वीच उत्तर भारतात नामदेवांचे नाव आणि त्यांच्या नावावरील पदे रूढ झाली होती, हे निर्विवादपणे म्हणता येते.

परंतु या पुराव्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. परंपरागत निधनवर्ष १३५० आणि आदिग्रंथाचे संकलन यांत २५४ वर्षांचे अंतर आहे. या काळात पदे मुख्यतः गाण्यातून पुढे गेली. शिवाय नामदेवांची पदे ग्रंथात आहेत, यावरून नामदेव घुमान येथे राहिले हे आपोआप सिद्ध होत नाही. पदे प्रवास करू शकतात. त्यांच्यासोबत कवीनेही प्रवास केलाच असेल असे नाही. दुसऱ्या बाजूने, एखादा संत एखाद्या प्रदेशात दीर्घकाळ राहिला नसता तर तेथे त्याची इतकी सखोल परंपरा का निर्माण झाली, हा प्रश्नही टाळता येत नाही.

नामदेव एक की अनेक, हा वाद या संदर्भात उपस्थित होतो. रा. गो. भांडारकर यांनी १९१३ मधील आपल्या ग्रंथात भाषेच्या आधारे नामदेवांचा काळ ज्ञानेश्वरांच्या नंतरचा असावा, असे मत मांडले होते. मराठी गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्या गेल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. विनांद कॅलेवार्त व मुकुंद लाठ यांनी १९८९ मध्ये नामदेवांच्या हिंदी पदांचा हस्तलिखितांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. ख्रिश्चन नोवेत्झके यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात, खरा नामदेव वेगळा काढण्याऐवजी कीर्तन, हस्तलिखिते आणि जनसमूह यांनी नामदेवांची सार्वजनिक स्मृती कशी घडविली, याकडे लक्ष वेधले. हा दृष्टिबदल क्षेत्रभेटीसाठी अत्यंत उपयुक्त आहे, कारण गावात आपल्याला प्रत्यक्ष भेटते ती स्मृतीच होय.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. नामदेवांना मंदिरातून बाहेर काढले गेले, ते मागे जाऊन कीर्तन करू लागले आणि मंदिर त्यांच्याकडे फिरले, ही कथा महाराष्ट्रात औंढा नागनाथाशी जोडली जाते. हाच प्रसंग आदिग्रंथातील नामदेवांच्या पदांत येतो, आणि तेथे खालच्या जातीचा म्हणून हाकलले गेल्याची वेदना बोलून दाखविली आहे. एकच कथा दोन प्रदेशांत टिकली. महाराष्ट्रात ती एका विशिष्ट मंदिराशी बांधली गेली; पंजाबात ती ग्रंथाचा भाग झाल्याने स्थळापासून मुक्त राहिली. जातिभेदाविरुद्धचा तिचा आशय मात्र दोन्हीकडे समान आहे.

वास्तूचा काळ : मराठ्यांचा दुसरा मार्ग

समाधीची वास्तू अठराव्या शतकातील आहे असे एकदा मान्य केले, की विद्यार्थ्यासमोर एक नवा प्रश्न येतो. याच शतकात मराठी सैन्य पंजाबात पोहोचले होते. मार्च १७५८ मध्ये सरहिंद आणि एप्रिलमध्ये लाहोर मराठ्यांच्या हाती आले. रघुनाथराव व मल्हारराव होळकर यांनी पंजाबचा कारभार वार्षिक ७५ लाख रुपयांच्या खंडणीवर अदीना बेगकडे सोपविला. या अदीना बेगचे प्रभावक्षेत्र बटाला परिसरात होते. गुरदासपूर जिल्ह्यातील अदीनानगर हे त्याच्याच नावाचे गाव. घुमानची वास्तू उभारणारे जस्सासिंग रामगढिया तरुणपणी काही काळ याच अदीना बेगच्या चाकरीत होते. सप्टेंबर १७५८ मध्ये अदीना बेग मरण पावला, १७५९ मध्ये अब्दाली परतला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत घडले. पंजाबातील मराठी सत्ता दोन वर्षेही टिकली नाही.

या इतिहासाचा एक धागा आपल्या परिसरापर्यंत येतो. सायखेड्याच्या समोर, गोदावरीच्या पलीकडील चांदोरी हे गाव हिंगणे घराण्याशी निगडित आहे. महादेवभट हिंगणे आणि त्यांच्या पुत्रांनी अठराव्या शतकात दिल्लीत पेशव्यांची वकिली केली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केलेले हिंगणे दफ्तर हे उत्तरेतील मराठी राजकारणाचे महत्त्वाचे साधन आहे. विद्यार्थ्याने चांदोरी आणि घुमान ही दोन गावे शेजारी ठेवून पाहिली, तर महाराष्ट्रातून उत्तरेकडे गेलेले दोन मार्ग त्याच्या ध्यानात येतात. एका मार्गाने वकील आणि फौजा गेल्या. त्यांचा पुरावा दफ्तरात आहे, पण पंजाबच्या गावात तो जवळपास दिसत नाही. दुसऱ्या मार्गाने अभंगाची परंपरा गेली. तिचे दफ्तर नाही, पण गाव आहे, मेळा आहे, ग्रंथ आहे. ज्याचा कागद भक्कम त्याचा प्रभाव टिकाऊ, असे समीकरण येथे लागू पडत नाही.

समाजाची स्मृती

पंजाबात नामदेवांची स्मृती जपण्यात छींबा समाजाचा मोठा वाटा आहे. कापड छापणे, रंगविणे व शिवणे हे या समाजाचे परंपरागत व्यवसाय. या समाजातील अनेक जण आपली ओळख नामदेवांच्या नावाने सांगतात. महाराष्ट्रात शिंपी समाजाचे नामदेवांशी असेच नाते आहे. दूर अंतरावरच्या दोन कारागीर समाजांनी एकाच संतामध्ये आपल्या प्रतिष्ठेचा आधार शोधावा, ही सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची बाब आहे. नामदेव घुमानला कोणत्या वर्षी आले हे कदाचित कधीच निश्चित होणार नाही. परंतु त्यांच्या नावाने लोकांनी स्वतःविषयी काय सांगितले, याचा अभ्यास करता येतो. विद्यार्थ्याच्या प्रश्नावलीत या विषयाला जागा असणे आवश्यक आहे.

या देवाणघेवाणीची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. नाशिकहून सायखेड्यावरून वाहत जाणारी गोदावरी पुढे नांदेडला पोहोचते. तेथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे देहावसान झाले आणि महाराजा रणजितसिंगांच्या काळात हजूर साहिबची वास्तू उभी राहिली. मराठी संताची समाधी पंजाबात आणि शिखांच्या दहाव्या गुरूंचे अखेरचे स्थान मराठवाड्यात, ही स्थिती दोन्ही प्रदेशांनी परस्परांच्या श्रद्धेला दिलेल्या स्थानाची निदर्शक आहे. नांदेड व अमृतसर यांना जोडणारी सचखंड एक्सप्रेस मनमाडवरून जाते. म्हणजे निफाड तालुक्यातील विद्यार्थ्यांना घुमानचा रस्ता अगदी जवळच्या स्थानकावरून सुरू होतो.

क्षेत्रभेटीची आखणी

वरील विवेचनाच्या आधारे क्षेत्रभेटीची आखणी तीन टप्प्यांत सुचविता येईल.

पहिला टप्पा घराजवळचा. मौखिक साक्ष घेण्याचा सराव गावातच व्हावा. सायखेडा-चांदोरी परिसराने गोदावरीचे अनेक पूर पाहिले आहेत. १९६९ चा पूर पाहिलेली वृद्ध मंडळी आणि २०१९ चा पूर पाहिलेली तरुण पिढी यांना पाणी कोठवर चढले होते हे विचारावे, आणि उत्तरांची तुलना करावी. पन्नास वर्षांपूर्वीची आठवण कोणत्या बाबतीत पक्की राहते आणि कोणत्या बाबतीत बदलते, हे येथे समजले म्हणजे साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या स्मृतीकडे कसे पाहावे याचे भान येते. याच टप्प्यात मनमाडच्या गुरुद्वारा गुप्तसर साहिबला भेट द्यावी. डोके झाकणे, पादत्राणे काढणे, ग्रंथसाहिबासमोरील वर्तन, लंगरची पद्धत या गोष्टी विद्यार्थ्यांनी आधी जाणून घ्याव्यात. परक्या गावात आपण अभ्यासक असलो तरी प्रथम पाहुणे असतो.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष घुमानचा. येथे प्रत्येक विद्यार्थ्याने नोंदवहीत तीन रकाने करावेत. पहिल्यात जे डोळ्यांना दिसते ते : वास्तू, तलाव, शिलालेख वा फलक, त्यावरील लिपी व साल, नव्या-जुन्या बांधकामाच्या खुणा. दुसऱ्यात जे सांगितले जाते ते : सांगणाऱ्याच्या शब्दांत, त्याला ते कोणाकडून कळले यासह. तिसऱ्यात जे आपण अनुमानतो ते. हे तीन रकाने एकमेकांत मिसळू न देणे हीच क्षेत्रभेटीची खरी कसोटी होय. गावाच्या नावाचेच उदाहरण घेता येईल. घुमणे म्हणजे फिरणे, म्हणून फिरत्या संताचे गाव ते घुमान, अशी व्युत्पत्ती कानावर पडल्यास ती दुसऱ्या रकान्यात लिहावी; घुमान हे पंजाबातील एका जाट गोत्राचेही नाव आहे, याची नोंद तिच्याशेजारी असावी.

तिसरा टप्पा परतल्यानंतरचा. सर्वांच्या नोंदी एकत्र करून तीन काळांचा तक्ता तयार करावा : नामदेवांचा परंपरागत काळ, म्हणजे तेरावे-चौदावे शतक, लेखनाचा काळ, म्हणजे १६०४ चा आदिग्रंथ ते १७६२ चा महिपतींचा भक्तिविजय, आणि वास्तूचा काळ, म्हणजे अठरावे शतक व त्यानंतर. प्रत्येक विधानासमोर ते कोणत्या काळाच्या पुराव्यावर उभे आहे हे लिहावे. ज्या विधानाला असे स्थान देता येत नाही, ते अहवालात इतिहास म्हणून नव्हे, तर परंपरा म्हणून नोंदवावे.

समारोप

आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे, समाधी खरी कुठली, येथे परत यावे लागते. उपलब्ध पुराव्यावरून नामदेवांचे देहावसान पंढरपूर येथे झाले की घुमान येथे, याचा निर्णायक निकाल देता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हे उत्तर विद्यार्थ्याला स्पष्ट शब्दांत दिले पाहिजे. भावना दुखावतील या भीतीने शिक्षक गुळमुळीत बोलला, तर विद्यार्थी असे समजतो की श्रद्धेच्या विषयात पुरावा विचारायचा नसतो. उलट शिक्षकाने परंपरेची टिंगल केली, तर तो समजतो की इतिहास शिकण्यासाठी घर सोडावे लागते. ग्रामीण महाविद्यालयात पहिल्या पिढीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे दोन्ही पर्याय घातक आहेत.

घुमान यांतून एक वाट दाखविते. समाधीसमोर हात जोडणारा आणि तिच्या भिंतीचा काळ विचारणारा विद्यार्थी एकच असू शकतो. पायरीवर डोके ठेवणाऱ्या आजीशी त्याला वाद घालावा लागत नाही. आणि अहवालात १७५८ च्या जागी १३५० लिहिण्याची मुभाही त्याला मिळत नाही. नामदेवांची स्मृती दोन प्रदेशांनी, दोन भाषांनी आणि दोन पंचांगांनी सहाशे वर्षांहून अधिक काळ सांभाळली, ही सिद्ध झालेली ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. कोणत्याही एका समाधीच्या निर्णयापेक्षा तिचे मोल कमी नाही. क्षेत्रभेटीच्या निमित्ताने एवढे जरी विद्यार्थ्याच्या वहीत त्याच्या स्वतःच्या शब्दांत उतरले, तरी अभ्यासक्रमातील त्या उपक्रमाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.